गांडूळ गोळी खात नाही

‘गांडुळे औषधे फस्त करून पाणी शुद्ध करतात’ अशा थाटाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. वाचायला बरे वाटतात, पण खरे श्रेय त्यात भलत्यालाच जाते.

आपण गिळलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे जसाच्या तसा सांडपाण्यात उतरतो. तिथे त्याचे प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम इतके किरकोळ, त्यामुळे मैला काढण्यासाठी बांधलेल्या प्रकल्पांतून ते बऱ्याचदा निसटते.

गांडूळ-गाळणीची कल्पना १९९२ मध्ये चिली विद्यापीठातल्या होसे तोहा यांनी मांडली. वर भुसा आणि गांडुळे, खाली वाळू, तळाशी खडी. सांडपाणी वरून शिंपडायचे आणि झिरपू द्यायचे. गांडूळ बहुधा आयसेनिया फेटिडा. फेटिडा म्हणजे दुर्गंधी. डिवचले की ते घाण वासाचा द्रव सोडते!

आता गंमत पाहा. नुसत्या वाळूच्या गाळणीत कणाकणावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. औषधाचे रेणू फोडणारे कामगार हेच. पण थर जाड झाला की आतल्यांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि गाळणी तुंबते. गांडूळ हा थर मातीसकट खात राहते, मागे मोकळे बीळ सोडते, त्यातून हवा खेळते. शिवाय त्याच्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, बिळाच्या भिंतीवर मात्र भरपूर. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या रेणूवर क्लोरीनचे दोन अणू असतात. असे अणू काढायला प्राणवायूविना चालणारे क्षपण, म्हणजे रेणूला इलेक्ट्रॉन देणारी अभिक्रिया, उपयोगी पडते. उरलेले बेंझीनचे कडे फोडणाऱ्या ऑक्सिजनेज विकरांना (एन्झाइमांना) मात्र प्राणवायूच लागतो. गांडुळाच्या पोटातून बाहेर पडलेला मातीचा कण काही तासांत या दोन्ही दुनिया पाहून येतो.

म्हणून काय सगळी औषधे फुटतात? पॅरासिटामॉल सहज फुटते. अपस्मारावरचे कार्बामाझेपीन भल्याभल्या प्रकल्पांना दाद देत नाही. ‘नैसर्गिक’ शिक्का मारल्याने त्याचे बंध सैल होत नाहीत.

आणखी एक मेख आहे. गाळलेल्या पाण्यात औषध सापडले नाही, म्हणजे ते फुटलेच असे नव्हे. गांडुळांच्या विष्ठेतल्या सेंद्रिय कणांना ते नुसते चिकटून बसलेले असू शकते. तेव्हा पाण्याबरोबर गाळणीतले खतही तपासायचे, आणि तेही शेतात पसरण्याआधी.