मेंदूत पोहोचल्यावर गप्प होणारे जनुक: पार्श्वभूमी

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मेंदूत पोहोचल्या की त्यांतील पीटेन हे जनुक गप्प होऊ शकते; त्यामागची ही पार्श्वभूमी. हा कर्करोग ठरावीक अवयवांकडेच का वळतो, हा प्रश्न लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये ‘द लॅन्सेट’मधून मांडला. या रोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदींत यकृतात गाठी वारंवार आणि प्लीहेत क्वचितच आढळल्यामुळे, बी सगळीकडे पडले तरी रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच, असे त्यांनी सुचवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने बियाण्यावर, म्हणजे कर्करोगपेशीच्या जनुकांतील बिघाडांवर राहिले.

डीएनएची अक्षरे न बदलताही जनुक बंद पडू शकते, ही कल्पना 1975 मध्ये पुढे आली. डीएनएवर मेथिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटले की जनुकाचे वाचन थांबते, असे त्यामागचे गृहीतक होते. 1994 मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश झेलणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचे जनुक स्तनकर्करोगाच्या काही पेशींत याच रीतीने बंद पडल्याचे दाखवले. मेथिल गट चिकटण्याची ही क्रिया, म्हणजे मेथिलीकरण, रोखणाऱ्या औषधाने ते जनुक प्रयोगशाळेत पुन्हा सुरू करता आले. माझ्या मते यातले खरे महत्त्वाचे हेच होते: तुटलेले जनुक जोडणे अवघड, पण मिटलेले उघडता येते.

पेशींच्या वाढीला आवर घालणारे पीटेन हे जनुक 1997 मध्ये सापडले. पुढच्याच वर्षी हर-2 हे प्रथिन जास्त असलेल्या स्तनकर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्ण अधिक काळ जगू लागले, परंतु हा मोठा रेणू रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळा सहज ओलांडत नसल्याने मेंदूतील गाठींचा प्रश्न ठळक झाला.

2015 मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातील दिहुआ यू यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवले की मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिकांतून मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे, पाठवतात आणि ते कर्करोगपेशींतील पीटेनची निर्मिती दाबतात. त्यानंतर त्या पेशी सीसीएल-2 हा संदेश अधिक स्रवतात, त्यामुळे आसपासच्या मायलॉइड या रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि गाठ वाढते. त्याच कर्करोगपेशी मेंदूबाहेर काढल्या की पीटेन परत येते. मायक्रोआरएनए डीएनएला हात न लावता जनुकाची प्रत नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएवर काम करतात, म्हणून त्यांना मेथिलीकरणाच्या पंक्तीला बसवणे काही शास्त्रज्ञांना मान्य नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी, यांतील यंत्रणेचा उलगडा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून झाला आहे, हे विसरता येत नाही. तरीही स्तनातील मूळ गाठीच्या बायॉप्सीत पीटेन शाबूत दिसले, एवढ्यावरून मेंदूतील गाठीतही ते असेलच, असे धरून चालता येत नाही.