यूएसबी पोर्ट व ड्रायव्हर : दोषनिवारण (सांगली परिसरातील व्यवहारासह)

डेस्कटॉप संगणकाला यूएसबीने जोडलेले उपकरण ओळखले जात नसेल, मध्येच तुटत असेल किंवा ओळखले जाऊनही काम करीत नसेल, तर दोष पोर्टात, केबलीत, उपकरणात, वीजपुरवठ्यात की ड्रायव्हरमध्ये आहे हे ठरवून तो दूर करण्याची रीत. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांत हे काम ‘पीसी प्रिंटर घेत नाही’, ‘काटा डिटेक्ट होत नाही’, ‘ड्रायव्हर उडाला’ अशा तक्रारींतूनच पुढे येते. यांपैकी ‘ड्रायव्हर उडाला’ हे निदान सर्रास केले जाते आणि पुष्कळदा ते चुकीचे असते. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला उपकरण चालवता यावे म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइली. त्या आपोआप क्वचितच नाहीशा होतात. ढिला संपर्क, घसरलेले व्होल्टेज आणि नसलेले अर्थिंग ही कारणे मात्र रोजची. म्हणून या नोंदीत विजेची बाजू आधी घेतली आहे.

उगम : यूएसबीची आखणी नेमकी कधी सुरू झाली याविषयी संदर्भांत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १९९४, तर काही ठिकाणी १९९५ हे साल येते. १९९४ च्या अखेरीस प्राथमिक मसुदे फिरू लागले होते आणि १.० ही आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झाली, हे लक्षात घेता १९९४ हे साल अधिक ग्राह्य वाटते. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या या आखणीत सहभागी होत्या. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलमधील अभियंते अजय भट्ट यांना भारतीय वृत्तपत्रे ‘यूएसबीचे जनक’ म्हणतात. त्यांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. परंतु इंटेलच्या २००९ मधील जाहिरातीतही त्यांचा उल्लेख सहसंशोधक असाच होता, आणि २०१३ चा युरोपीय संशोधक पुरस्कार त्यांच्याबरोबर त्यांच्या सहकाऱ्यांच्याही कामाचा गौरव होता. म्हणून सामूहिक निर्मितीचे मत येथे स्वीकारले आहे. प्लग उलटा-सुलटा कसाही बसेल असा का केला नाही, याचे भट्ट यांनी दिलेले कारण खर्चाचे आहे : तारा आणि मंडले दुप्पट लागली असती.

विंडोज ९५ च्या उत्तरकालीन आवृत्त्यांत यूएसबीला तुटपुंजा आधार होता. खरा प्रसार विंडोज ९८ आणि त्याच वर्षीच्या आयमॅकपासून झाला. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यादेखत विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडताच पडदा निळा पडला, म्हणजे विंडोज कोसळले. यूएसबी दोषाचे इतके जाहीर उदाहरण दुसरे नाही. २.० आवृत्ती एप्रिल २००० ची (वेग सेकंदाला ४८० मेगाबिट), ३.० नोव्हेंबर २००८ ची (५ गिगाबिट). टाइप-सी जोडणी २०१४ मध्ये आली.

पोर्टातील वीज : जुन्या, म्हणजे २.० पर्यंतच्या केबलीत चार तारा असतात. रूढ रंगांनुसार लाल तारेवर ५ व्होल्ट, काळी भूमी, तर पांढरी व हिरवी या माहितीच्या तारा. प्लग उघड्या डोळ्यांनी पाहिला तर कडेचे दोन पत्रे मधल्या दोहोंपेक्षा किंचित पुढे आलेले दिसतात. प्लग आत सरकताना वीज आणि भूमी आधी जोडली जावी, माहिती नंतर, अशी ही योजना आहे. चालू संगणकाला उपकरण जोडता येते ते यामुळे. नुसत्या चार्जिंगसाठी केलेल्या स्वस्त केबलीत मधल्या दोन तारा नसतातच. ‘मोबाइल चार्ज होतो, पण पीसीवर दिसत नाही’ या तक्रारीत पहिला संशय केबलीवर घ्यावा.

२.० च्या पोर्टातून उपकरणाला सुरुवातीला १०० मिलिअँपिअर आणि संगणकाने मान्यता दिल्यावर ५०० मिलिअँपिअर घेता येतात, ३.० मध्ये ही मर्यादा ९०० आहे. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतल्या बारीक तारांनी मदरबोर्डच्या पिनांना जोडलेले असतात आणि त्या तारांत व्होल्टेज पडते. बाहेरची हार्डडिस्क पुढच्या पोर्टला टिकटिक करीत राहते आणि मागच्या पोर्टला, जो थेट मदरबोर्डवरच असतो, निमूट चालते. त्याचे कारण हेच. तपासणी नेहमी मागच्या पोर्टवरून सुरू करावी.

‘ओव्हर करंट’ असा संदेश दाखवून काही मदरबोर्ड पंधरा सेकंदांत संगणक बंद करतात. अशा वेळी टॉर्च लावून प्रत्येक पोर्टात पाहावे. प्लग उलटा दामटल्याने आतली प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असते आणि एखादी पिन वाकून लोखंडी कवचाला टेकलेली असते. पुढच्या पोर्टांची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवली आणि संदेश थांबला, तर दोष तिथेच आहे. मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही.

संगणक ‘शटडाउन’ केल्यावरही माउसचा दिवा जळत राहतो, हे अनेकांनी पाहिले असेल. एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, ५ व्होल्टचा एक राखीव पुरवठा मदरबोर्डला सतत मिळतो. त्यामुळे अडकून बसलेला यूएसबी नियंत्रक शटडाउननेही मोकळा होत नाही. भिंतीवरचा प्लग काढून, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवली की तो नव्याने सुरू होतो. ‘प्लग काढून पाच मिनिटं ठेवा’ हा दुकानदारांचा सल्ला अंधश्रद्धा नाही. त्यातच विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवली जाते व पुढच्या वेळी तीच परत येते. म्हणून ड्रायव्हरच्या तक्रारीत ‘बंद करून चालू’ पुरत नाही, ‘रीस्टार्ट’ करावे लागते.

अर्थिंग : याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एसएमपीएसच्या गाळणीतील कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. प्रवाह अल्प असतो, पण हाताला झिणझिण्या येतात. अशा कॅबिनेटला दुसऱ्या स्विचबोर्डावरचा प्रिंटर जोडला, की दोहोंमधला फरक यूएसबीच्या कवचातून आणि काळ्या तारेतून वाहू पाहतो. जीर्ण पोर्टात संपर्क आधी माहितीच्या तारांशी झाला, तर पोर्ट किंवा प्रिंटरचा बोर्ड जातो. संगणक व प्रिंटर एकाच स्विचबोर्डावर घ्यावेत, केबल जोडताना दोघांचे प्लग काढावेत आणि वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे. अर्थिंगचा खर्च मदरबोर्डच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि तो टाळून तिसऱ्यांदा मदरबोर्ड बदलणारी दुकाने पाहताना वाईट वाटते.

ओळखपरेड : उपकरण जोडल्यावर संगणक आणि ते यांच्यात जी देवघेव होते तिला येथे ओळखपरेड म्हटले आहे. उपकरण माहितीच्या एका तारेला १.५ किलोओहमच्या रोधाने वर ओढते. त्यावरून संगणकाला कोणी आल्याचे व त्याचा वेग कळतो. संगणक त्याला रीसेट करतो, क्रमांक देतो (एका नियंत्रकावर जास्तीत जास्त १२७) आणि ओळखपत्र मागतो. या ओळखपत्रात उत्पादकाचा व वस्तूचा असे दोन संकेतांक असतात. ते वाचल्यानंतरच विंडोज ड्रायव्हर शोधू लागते.

हा क्रम ध्यानात असेल तर डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या उपकरण-यादीतील संदेशांचा अर्थ उलगडतो. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ असे दिसले, तर उपकरणाच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी पाहावा. तिथे उत्पादकाच्या जागी चार शून्ये असतील, तर ओळखपत्रच वाचले गेलेले नाही. कोणता ड्रायव्हर लावायचा हेच विंडोजला माहीत नसताना ड्रायव्हर टाकून काही साधत नाही, विंडोज नव्याने टाकूनही नाही. केबल, पोर्ट, वीज आणि शेवटी उपकरण असे पाहावे. याउलट कोड २८ असेल आणि संकेतांक नीट दिसत असतील, तर तार व वीज ठीक आहेत. त्या संकेतांकांचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. कोड १० मध्ये ड्रायव्हर सापडलेला असतो पण उपकरण सुरू होत नाही.

सीरियल परिवर्तक : दूध संकलन केंद्रे, वजनकाटे आणि अडत दुकाने यांमुळे या भागात यूएसबी-सीरियल परिवर्तकाला वेगळे महत्त्व आहे. इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट मोजणारे यंत्र आरएस-२३२ या जुन्या सीरियल पद्धतीने बोलतात. नव्या संगणकांना सीरियल पोर्ट बहुधा नसतो. म्हणून मध्ये परिवर्तक येतो आणि विंडोज त्याला कॉम ३, कॉम ४ असा क्रमांक देते.

पलूस तालुक्यातील एका केंद्रावर प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग नमुन्यादाखल देतो. पहाटेची वेळ, किटल्यांची रांग लागलेली, काट्यावर वजन दिसते आहे, पण पडद्यावर ०.०० च्या पुढे काही सरकत नाही. परिवर्तकाचा दिवा लागलेला. चालक पावत्या हाताने लिहीत होता आणि विंडोज नव्याने टाकायला माणूस बोलावून बसला होता. ‘दादा, काल इथल्या वायरी कुणी काढल्या होत्या का?’ एवढे विचारल्यावर उलगडा झाला. संध्याकाळी झाडलोट करताना वायरी काढून परत लावल्या होत्या, त्यात परिवर्तक शेजारच्या भोकात गेला. कॉम ३ चा कॉम ७ झाला आणि दुधाचे सॉफ्टवेअर कॉम ३ वरच कान लावून बसले. वायर जुन्या जागी घातली, वजन आले. नंतर त्या पोर्टाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला.

याचे मूळ अनुक्रमांकात आहे. उपकरणाच्या ओळखपत्रात स्वतःचा अनुक्रमांक असेल, तर ते कोणत्याही पोर्टला लावले तरी विंडोज त्याला तेच उपकरण मानते. तो नसेल, तर पोर्टाची जागा हीच त्याची ओळख ठरते आणि जागा बदलताच नवे उपकरण आल्याची नोंद होते. परिवर्तकांतील सीएच३४० जातीच्या स्वस्त चिपांत बहुधा अनुक्रमांक नसतो. एफटीडीआय या कंपनीच्या अस्सल चिपांत सहसा असतो. प्रिंटर दुसऱ्या पोर्टला लावल्यावर यादीत ‘कॉपी १’ उगवते, तेही बरेचदा याच कारणाने. क्रमांक हाताने बदलायचा असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाच्या ‘पोर्ट सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ येथे जावे. हवा तो क्रमांक ‘इन यूज’ दिसला, तर ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून फिक्या दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढून टाकाव्यात.

नकली चिपांचा प्रश्न याला जोडूनच येतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा वस्तू-संकेतांक शून्य करू लागला. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. उत्पादकाला आपल्या नावाचे रक्षण करण्याचा हक्क आहे, हे एक मत. अजाणता नकली वस्तू घेतलेल्या ग्राहकाचे यंत्र निकामी करणे अयोग्य, हे दुसरे. दूध केंद्राच्या बाजूने पाहता दुसरे मत पटते. प्रोलिफिक या दुसऱ्या चिप-कंपनीच्या पीएल२३०३ मालिकेत नवा ड्रायव्हर जुन्या वा नकली चिपा नाकारतो आणि कोड १० दाखवतो. कालपर्यंत चालणारा परिवर्तक अपडेटनंतर बंद पडला, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुन्या आवृत्तीवर यावे.

काही वेळ दूध आले नाही की तुटणारा आणि वायर हलवल्यावर जागा होणारा परिवर्तक असेल, तर ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी.

इतर उपकरणे : सेवा केंद्रांवरील बोटांच्या ठशांच्या यंत्राला ड्रायव्हरखेरीज आरडी सर्व्हिस हे आधार पडताळणीचे सॉफ्टवेअरही लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्व ठीक दिसूनही आधार पडताळणी होत नसेल, तर ती सर्व्हिस चालू आहे का ते पाहावे. बिनतारी माउस अडखळत असेल आणि त्याचा डोंगल निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टाशेजारी असेल, तर तो लांबच्या काळ्या पोर्टात हलवावा; ३.० च्या वहनातून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट होतो. विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर अंगभूत नाही. २०१५ नंतरच्या अनेक मदरबोर्डांवर ते टाकताना कीबोर्ड-माउसच मरतात. लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) आणि ‘डीमेसेज’ (dmesg) या दोन आज्ञांनी ओळखपरेड कुठवर गेली ते ओळीओळीने वाचता येते.

धूळ व पूर : मार्केट यार्डातील हळदीच्या दुकानांत पोर्टाच्या आत पिवळा थर बसतो. तो कोरड्या मऊ ब्रशने व ब्लोअरने काढावा. तोंडाने फुंकर मारल्यास आत ओल शिरते आणि थर घट्ट होतो. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरांत कॅबिनेटे गाळात बुडाली. असा संगणक वाळवून लगेच चालू करू नये. आधी मदरबोर्डवरील सेल काढावा, गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पोर्ट आणि पिना घासून पूर्ण वाळू द्याव्यात. पुढच्या पोर्टांची पट्टी आणि तिची वायर मात्र धुण्यात वेळ न घालवता बदलावी, कारण आवरणाखाली तांब्यावर चढलेला हिरवा गंज बाहेरून दिसत नाही.