लिलाव न थांबवता संत्र्यांची मोजदाद

आंबिया बहाराच्या दिवसांत नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्यांचे ढीग मोजायला घ्या. एका टोकाकडून मोजत मधोमध येईपर्यंत पुढचे दोन ढीग विकून गाडीत चढलेले असतात आणि मोजून झालेल्या जागी नवा माल उतरलेला असतो. वहीतला आकडा सकाळी सहाचाही नसतो, सातचाही नसतो.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसच्या फाइली तशाच कॉपी केल्या, तर हेच घडतं. समजा, इतवारीच्या व्यापाऱ्याने धरमपेठेतल्या दुकानदाराला 500 रुपये पाठवले. व्यापाऱ्याचं खातं कॉपी झालं पैसे जाण्याआधी, दुकानदाराचं पैसे पोहोचल्यावर. बॅकअपमध्ये 500 रुपये आपोआप वाढले!

सगळ्या टेबलांना लॉक लावला तर हे टळतं, पण तोवर एकही नवी नोंद होत नाही. म्हणजे लिलावच बंद.

यावरचा तोडगा मला फार सुंदर वाटतो. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 2010च्या 5.5 आवृत्तीपासून डेटा साठवणारं इनोडीबी हे इंजिन मुळातच निवडलेलं असतं. नोंद बदलली, की ती आधी कशी होती हे ते 'अनडू लॉग'मध्ये जपून ठेवतं. mysqldump या बॅकअपच्या साधनाला 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' पर्याय देऊन रात्री दोनला बॅकअप सुरू केला आणि तो साडेतीनला संपला, तरी बदललेल्या नोंदींची जुनी रूपं तिथून वाचून प्रत दोन वाजताचीच मिळते. दरम्यान ग्राहकांचे व्यवहार चालूच. मात्र बॅकअप संपेपर्यंत जुन्या नोंदी साठत जातात, म्हणून वर्दळ कमी असलेली वेळच बरी. तेवढ्या वेळात टेबलांची रचना बदलू नये. आणि मायआयसॅम या जुन्या इंजिनच्या टेबलांना ही सोय लागू नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

दोननंतरचे व्यवहार बायनरी लॉगमध्ये क्रमाने उतरतात. तो लॉग वेगळ्या डिस्कवर जपला, तर दुपारी चुकून टेबल पुसलं गेलं तरी बॅकअपवर ते व्यवहार पुन्हा चालवून त्याच्या आदल्या क्षणापर्यंत परतता येतं.

पण परतून पाहिलेलं असतं का? 31 जानेवारी 2017 रोजी प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे 300 जीबी डेटा पुसला गेला. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असल्याने रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. हाती लागला तो सहा तासांपूर्वी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत.

म्हणून महिन्यातून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करावा आणि इतवारी-धरमपेठेची बेरीज जुळते का, ते पाहावं.