सावलीचा रंग कोणता?

सावली कोणत्या रंगाची असते, असं कुणालाही विचारा. काळी, हेच उत्तर येतं. फार तर राखाडी. आता एक सोपा प्रयोग करून बघा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला पंचिंग मशीननं एक भोक पाडा. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, चुना लावलेल्या एखाद्या भिंतीवर झाडाची सावली पडलेली असेल तिथे उभे राहा. एक डोळा मिटा, कागद हातभर लांब धरा आणि भोकातून फक्त सावलीचा तुकडा बघा. मग तेच भोक उन्हातल्या भिंतीवर सरकवा. ऊन पडलेला भाग पिवळसर दिसतो आणि सावली निळसर, कधीकधी तर चक्क जांभळट!

सावलीत सूर्य पोचत नसला तरी आकाश पोचतं. निळ्या आकाशातून चहूबाजूंनी येणारा उजेड भिंतीवर सगळीकडेच पडत असतो, पण उन्हातल्या भागात तो सूर्यप्रकाशात बुडून जातो. सावलीत मात्र त्याचंच राज्य असतं. आभाळ भरून आलेलं असेल तर हा निळेपणा जातो. दाट झाडीखाली पानांतून गाळून आलेला हिरवा त्यात मिसळतो. हौशी चित्रकार सुरुवातीला सावलीसाठी रंगपेटीतला काळा उचलतात आणि चित्र मळकट होतं, ते यामुळेच.

मग भोक नसताना हे का दिसत नाही? कारण मेंदू ते दिसू देत नाही. पांढरा सदरा उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली आपल्याला पांढराच वाटतो. तिन्ही ठिकाणी डोळ्यांत शिरणारा प्रकाश वेगळा असतो. मेंदू आजूबाजूच्या वस्तूंवरून उजेडाचा रंग ताडतो आणि तो वजा करून वस्तूचा ‘खरा’ रंग आपल्यापुढे ठेवतो. याला रंगस्थैर्य म्हणतात. मोठीच सोय आहे ही, नाहीतर पिकलेलं फळ सकाळी एका रंगाचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच रंगाचं वाटलं असतं. फेब्रुवारी 2015मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद रंगला होता, तो अनेकांना आठवत असेल. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. फोटोतला उजेड कसा आहे याचा प्रत्येकाच्या मेंदूनं वेगळा अंदाज बांधला होता. (ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळाच होता.) कागदाच्या भोकातून आजूबाजूचं काहीच दिसत नाही, म्हणून मेंदूला वजाबाकी करता येत नाही आणि डोळ्यांवर पडलेला रंग तसाच्या तसा हाती लागतो.

टेकडीवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकानं जलरंगांची एक छोटी पेटी खिशात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. चित्र कसंही होवो. रंग कालवायला बसलं की ‘झाड हिरवं, डोंगर तपकिरी’ एवढ्यावर भागत नाही. कोणता हिरवा, किती पाणी, शेजारच्यापेक्षा गडद की फिका, हे ठरवावंच लागतं. त्यासाठी मेंदूनं केलेली वजाबाकी उलटी फिरवावी लागते. रोजच्या वाटेवरचं सौंदर्य तिथेच असतं. त्याच्याकडे असं बघायला ब्रश भाग पाडतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर उभं राहून सिंहगडाच्या दिशेनं बघा. जवळचा उतार वाळल्या गवतानं पिवळा, त्यामागची रांग करडी-हिरवी, आणि त्याही पलीकडच्या डोंगरांत नुसती निळाई. त्या डोंगरांवरचा दगड इथल्यासारखाच काळा बेसॉल्ट आहे. फरक पडतो तो मधल्या हवेमुळे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1871मध्ये दाखवून दिलं, की हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे होणारं प्रकाशाचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी जास्त हवा, तितका हा विखुरलेला निळा डोळ्यांत जास्त येतो आणि काळ्या डोंगरावर त्याचा पातळ थर चढतो. उन्हाळ्यात धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, त्यामुळे निळ्याऐवजी पांढुरकी धूसरता येते. पावसाळ्यात चांगली सर पडून उघडीप झाली की हवा धुतली जाते, आणि तेच डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात. दूरची रांग फिकी आणि निळी, जवळची गडद आणि उबदार, हा चित्रकारांचा जुना नियम यातूनच आला आहे.

हिरवा रंग मात्र सगळ्यात जास्त सतावतो. करंजाचं एकच पान घ्या. त्यावर वरून ऊन पडलं की त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून आकाश परावर्तित होतं आणि पान निळसर-पांढरं चमकतं. हा प्रकाश पानात शिरलेलाच नसतो. तेच पान सूर्यासमोर धरलं की पेटल्यासारखं पोपटी दिसतं, कारण हरितद्रव्यानं निळा आणि लाल शोषून घेतल्यावर जे उरलं तेवढंच पार होऊन येतं. उलटं केलं की मंद, फिकं. एका पानात तीन हिरवे, आणि पेटीत बहुधा एकच! तो एक थेट वापरला की झाड प्लास्टिकचं दिसतं. निळा आणि पिवळा स्वतः कालवलेलाच बरा. निळा रंग लाल प्रकाश शोषतो, पिवळा रंग निळा शोषतो, मधला हिरवा सुटतो. लंडनचे विल्यम हूकर (1779-1832) फळांची चित्रं काढत. पानांसाठी त्यांनी प्रशियन ब्लू हा गडद निळा आणि गॅम्बोज यांचं असंच मिश्रण केलं आणि ‘हूकर्स ग्रीन’ त्यांच्या नावानं आजही विकला जातो. गॅम्बोज हा पिवळा रंग आग्नेय आशियातल्या एका झाडाच्या डिंकापासून मिळतो. हे झाड आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया कुळीतलं. या कुळीनं आपल्याला सोलकढी दिली आणि चित्रकारांना पिवळा, याचा मला फार आनंद होतो.

फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कोशिंबाला लालभडक पालवी फुटते. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरेसं नसतं आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य भरपूर असतं. कोवळ्या पेशींचं प्रखर उन्हापासून ते रक्षण करतं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. ही लाल पानं हिरव्याशेजारी जास्तच लाल दिसतात. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार आली. रंगाई चोख होती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुतामुळे काळा उणा वाटत होता. शेजारी रंग एकमेकांना बदलतात, हा नियम त्यांनी 1839मध्ये मांडला.

चित्र बरं आलं नाही तरी हातात काय उरतं? कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या 2016च्या प्रयोगांत लोकांना काही शब्द लिहायला दिले आणि काही शब्दांची चित्रं काढायला. चित्र काढलेले शब्द त्यांना कितीतरी जास्त आठवले, आणि चित्र चांगलं की वाईट यानं फारसा फरक पडला नाही. फोटोचं वेगळंच. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. चित्रकलेनं ताण कमी होतो, असंही एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. पण त्यात माणसं फक्त 39 होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर मी फार भर देणार नाही. आठवणीचा पुरावा जास्त भक्कम आहे.

संध्याकाळी रंगवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांना पहाटे फिरताना दिसलं, की दिवसा झळकणारी लाल फुलं अंधुक उजेडात काळपट होतात. 1825मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यावरच्या शंक्वाकृती पेशी काम करतात आणि डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो. उजेड मावळला की दंडाकार पेशी पुढे येतात. त्यांचा कल 500 नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे असतो आणि लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. मे महिन्यात सूर्य बुडाल्यावर गुलमोहराकडे बघत राहा. फुलं आधी काळवंडतात, पानं मागाहून. तेव्हा फुलांचा लाल उजेड असतानाच लावून घ्यावा. उशीर झाला तर पॅलेटवरचा लालही तेवढाच काळवंडलेला असतो, हात सैल सुटतो, आणि घरी दिव्याखाली झाड भडक दिसतं.