मुक्तिफौज: रस्त्यावर जन्मलेलं चर्च

नगरमध्ये रिक्षात बसून ‘बूथ हॉस्पिटल’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. हे बूथ म्हणजे इव्हँजेलिन बूथ, मुक्तिफौजेच्या (इंग्रजीत ‘साल्व्हेशन आर्मी’) चौथ्या जनरल, म्हणजे सर्वोच्च प्रमुख. दवाखान्याला जनरलचं नाव का, आणि फौजेचे अधिकारी कॉलरवर दोन ‘एस’ (‘सेव्ह्ड टू सर्व्ह’, म्हणजे सेवेसाठी तारलेले) लावून का फिरतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मुक्तिफौज सेवाभावी संस्था आहे की चर्च, असा घोळ त्यामुळेच होतो. तिचं स्वतःचं म्हणणं स्पष्ट आहे: आम्ही ख्रिस्ती मंडळीचाच एक भाग आहोत, आणि सुवार्ता व सेवा आमच्यासाठी वेगळ्या नाहीत.

याची मुळं पूर्व लंडनमध्ये आहेत. 1865 साली विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्याने तिथल्या गरीब वस्तीत काम सुरू केलं. दारूच्या गुत्त्यांतून बाहेर आलेली माणसं प्रतिष्ठितांच्या चर्चमध्ये नकोशी होती. मग बूथ यांनी त्यांच्यासाठी रस्त्यावरच सभा भरवल्या. 1878 मध्ये एका पत्रकाचा मजकूर तपासताना ‘आम्ही स्वयंसेवकांची फौज आहोत’ अशा अर्थाचं वाक्य आलं. मुलगा ब्रॅमवेल याला ‘स्वयंसेवक’ खटकलं. आपण हौशी नाही, पक्के शिपाई आहोत, असं तो म्हणाला. विल्यमनी लेखणी उचलली, तो शब्द खोडला आणि तिथे ‘मुक्ती’ लिहिलं.

गणवेश, हुद्दे, निशाण, बँड हे सगळं त्या नावामागोमाग आलं. 1883 मध्ये तर फौजेने पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी सोडून दिले. इतर चर्चांना हे आजही पटत नाही. फौजेत येणारा निशाणाखाली उभा राहून प्रतिज्ञेवर सही करतो. दारू आणि तंबाखू सोडण्याचं वचन त्यातच असतं. कॅथरीनच्या आग्रहामुळे स्त्रियांना प्रवचनाचा आणि अधिकारपदाचा हक्क सुरुवातीपासून मिळाला. इव्हँजेलिन या त्यांच्याच कन्या.

सेवेचं एकच उदाहरण सांगते. त्या काळी आगपेट्यांच्या कारखान्यांत पिवळ्या फॉस्फरसमुळे कामगारांचे जबडे सडत. 1891 मध्ये फौजेने लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला, निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. त्या आगपेट्या महाग पडत, तरीही फौजेने काही वर्षं तो चालवला. मला हे प्रवचनाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

19 सप्टेंबर 1882 रोजी फ्रेडरिक टकर तीन सहकाऱ्यांसह मुंबईच्या बंदरावर उतरले. सरकारी सनदी नोकरी सोडून आलेला हा माणूस. वाजतगाजत मिरवणुका काढल्यावर शांतताभंगाच्या भीतीने पोलिसांनी त्यांना पकडलं, आणि पुढे टकरना तुरुंगवासही झाला. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी या कारवाईचा निषेध केला. टकरनी पुढे भगवे कपडे घातले, पायांतले जोडे काढले आणि ‘फकीरसिंग’ हे नाव घेतलं. गोऱ्या सरकारला गोऱ्यांनी असं राहणं मुळीच रुचलं नव्हतं.

म्हणूनच पुढचा भाग जास्त टोचतो. 1908 पासून याच फौजेने उत्तर भारतात, सरकारच्या सांगण्यावरून, ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या लोकांच्या वसाहती चालवायला घेतल्या. तिथे काम आणि शिक्षण मिळे हे खरं, पण तिथली माणसं स्वेच्छेने आलेली नव्हती. ज्यांनी मुंबईत पोलिसांची अटक सोसली, ते आता हजेरी घेणाऱ्यांच्या बाजूला बसले. या लोकांना गुन्हेगार ठरवणारा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आज आपण या समाजांना विमुक्त म्हणतो. फौजेचा इतिहास सांगताना हे पान गाळणं मला मान्य नाही.

फौजेच्या आजच्या ध्येयवाक्यात ख्रिस्ताची सुवार्ता सांगणं आणि त्याच्या नावाने, कोणताही भेदभाव न करता, माणसांच्या गरजा भागवणं एकाच वाक्यात येतं. 2020 मध्ये कोविड आला, तेव्हा नगरच्या बूथ हॉस्पिटलने कोविड रुग्णांना दाखल करून घेतलं.