प्रकाशरासायनिक औषधप्रवेश (पित्तनलिकेचा कर्करोग)

प्रकाशाच्या मदतीने केमोथेरपीचे औषध गाठीच्या पेशींत मोकळे करण्याची प्रायोगिक पद्धत. ऑस्लोच्या रेडियम रुग्णालयात क्रिस्तियान बर्ग व सहकाऱ्यांनी ती विकसित केली. इंग्रजीत फोटोकेमिकल इंटर्नलायझेशन, लघुरूप पीसीआय.

पेशी काही औषधे पिशवीसारख्या कप्प्यांत कोंडून ठेवते. फिमापोर्फिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य त्या कप्प्यांच्या पडद्यात जाऊन बसते. त्यावर लाल प्रकाश पडला की क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो, पडदा फाटतो आणि कोंडलेले औषध पेशीत पसरते.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांवरील चाचणीत फिमापोर्फिन शिरेतून दिले जाई. चौथ्या दिवशी जेमसिटाबिन हे केमोचे औषध देऊन, ईआरसीपीच्या (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याच्या) वाटेने नलिकेत लेसरचा तंतू सरकवून ६५२ नॅनोमीटरचा प्रकाश सोडत. पुढे जेमसिटाबिन (शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर १००० मिग्रॅ) आणि सिस्प्लाटिन (प्रति चौरस मीटर २५ मिग्रॅ) ही नेहमीची जोडी, दर तीन आठवड्यांतील पहिल्या व आठव्या दिवशी.

खरी अडचण पित्ताच्या निचऱ्याची. स्टेंट (अडलेली नलिका उघडी ठेवणारी नळी) तुंबला तर थंडी वाजून ताप येतो, संसर्ग रक्तात उतरतो, केमो लांबते. धातूच्या जाळीचा स्टेंट प्रकाश अडवतो, म्हणून प्लास्टिकचा, काढता येणारा स्टेंट सोयीचा. प्रकाश काही मिलिमीटरच शिरतो, त्यामुळे यकृतात पसरलेल्या गाठींना त्याचा उपयोग नाही. द्रव्य त्वचेतही उतरते, म्हणून ऊन टाळावे लागते. सनस्क्रीन पुरत नाही, कारण ते मुख्यतः अतिनील किरण अडवते. ऑक्सिमीटरचा लाल दिवाही एकाच बोटावर फार वेळ ठेवू नये. बोट भाजू शकते.

पहिल्या टप्प्यानंतर 'रिलीज' ही तुलनात्मक चाचणी सुरू झाली, पण २०२२ मध्ये ती अर्ध्यावरच थांबवण्यात आली. त्याच सुमारास टोपाझ-१ चाचणीमुळे केमोसोबत दुर्वालुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध देणे पुढे आले. रिलीज अर्धवट राहिल्याने पीसीआयने आयुष्य वाढते की नाही, हे सिद्ध झालेले नाही. कोणी तसा दावा केला तर पुरावा मागावा.

कोल्हापुरातल्या रुग्णासाठी आजचा मार्ग स्टेंट, बिलिरुबिन (काविळीचे पिवळे रंगद्रव्य) उतरण्याची वाट आणि मग केमो असाच आहे. जिल्ह्यात काविळीवर माळ बांधणे, झाडपाला घेणे अजून चालते. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. पण उतारवयात न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ, अंगभर खाज, गडद लघवी आणि पांढुरका शौच दिसला, तर आधी सोनोग्राफी करावी.