पेव माहीत असलेला पोरगा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या एका हमालाचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतो. सातवीत आहे, मराठी शाळेत. 'आयलंड'चं अजून 'इझलँड' करतो. परवा उताऱ्यात आलं की पूर्वी लोक धान्य जमिनीखालच्या खड्ड्यांत साठवायचे. 'स्टोअर' आणि 'पिट' दोन्ही शब्द त्याला नवे. पण 'अंडर द ग्राउंड'पाशी थांबला आणि म्हणाला, "म्हणजे पेव की! हरिपूरला आजोबा हळद भरायचे. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं, जीव गुदमरतो."

शेजारी बसलेली इंग्रजी माध्यमातली मुलगी, आईवडील दोघं डॉक्टर, तोच उतारा घडाघडा वाचून मोकळी झाली होती. धान्य किडत का नाही, हे मात्र तिला सांगता येईना. ते यानंच सांगितलं. हवाच नाही, किडा जगेल कसा?

गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. घराचा हात या दोन्हींवर पडतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं.

पहिल्या बाजूला पैसा आणि आईबापाचं शिक्षण सरळ दिसतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. देवनागरी बरीचशी लिहिल्याबरहुकूम वाचता येते. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट'चं स्पेलिंग सारखं, उच्चार निराळे. अडलं की विचारायला घरात कुणी हवं, नाहीतर क्लासची फी हवी. राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, पण शाळेतला तास संपला की ज्याचं त्याचं घर.

दुसरी बाजू जास्त गमतीची आहे. अमेरिकेत हार्ट आणि रिसली यांनी कॅन्ससमधल्या 42 कुटुंबांतलं बोलणं टिपलं आणि 1995 मध्ये सांगितलं की सुखवस्तू घरातलं मूल गरीब घरातल्या मुलापेक्षा लहानपणीच तीन कोटी शब्द जास्त ऐकतं. आकडा गाजला. पण त्यांनी मुख्यतः मुलाला उद्देशून बोललेलंच धरलं होतं. 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी घरातल्या सगळ्यांचं, आसपासचं बोलणंही मोजलं, तेव्हा ती दरी तशी उरली नाही. आजी, चुलत्या आणि दाराशी टेकलेली शेजारीण असलेल्या माण-खटावातल्या घराला हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाला मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांत दिसलं की नुसत्या शब्दसंख्येपेक्षा संवादाच्या फेऱ्या महत्त्वाच्या: मूल बोललं, मोठ्यानं उत्तर दिलं, मूल पुन्हा बोललं.

या फेऱ्या मराठीत झाल्या तरी चालतात का? कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स 1979 पासून हेच मांडत आले: कारण सांगणं, तुलना करणं, गोष्टीचा क्रम लावणं हे एका भाषेत जमलं की दुसरीत नव्यानं शिकावं लागत नाही, फक्त शब्द बदलतात. म्हणून 'बेटा, बनाना फिनिश कर' छाप घरगुती इंग्रजीची मला धास्ती वाटते. त्यात इंग्रजी पाच-पन्नास शब्दांपुढे जात नाही, आणि आईकडची भरघोस मराठी मात्र आटते.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. तेवढा वेळ मुलांच्या अभ्यासाला. त्यातली दहा मिनिटं गप्पांना मिळाली तर मला जास्त आवडेल.

त्या मुलाच्या आईनं मागं विचारलं होतं, "सर, मला एबीसीडी बी येत न्हाई. घरी काय करू?" म्हटलं, "ताई, आज काय वाचलं ते त्याला मराठीत सांगायला लावा. आणि मधेमधे अडवा."

आता तो कुरकुरतो, आई लई प्रश्न विचारती म्हणून.